वर्गाबाहेरची अभ्यासाची जागा: परंपरा, विचार आणि रचना

अमेरिकेतील विद्यापीठांत एका क्रेडिटमागे आठवड्याला वर्गातील एक तास आणि वर्गाबाहेरील किमान दोन तासांचा अभ्यास गृहीत धरलेला असतो. सत्राला १५ क्रेडिट घेणारा विद्यार्थी आठवड्यातील १५ तास वर्गात बसतो आणि आणखी ३० तास त्याने अन्यत्र कोठेतरी बसून वाचावे, लिहावे, उदाहरणे सोडवावीत, अशी अपेक्षा असते. १५ तासांच्या वर्गांसाठी विद्यापीठ वेळापत्रक आखते, खोली नेमून देते, आसने मोजते. उरलेल्या ३० तासांचे ते ‘कोठेतरी’ मात्र दीर्घकाळ ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडलेले होते. गेल्या काही दशकांत या ‘कोठेतरी’चा स्वतंत्र विचार होऊ लागला आणि त्यातून वास्तुरचनेची एक नवी शाखाच उभी राहिली, असे म्हणता येईल.

या जागेला कोणी अभ्यासकट्टा म्हणते, कोणी मुक्त अभ्यासिका, तर इंग्रजीच्या अनुकरणाने कोणी ‘लर्निंग कॉमन्स’. नावे अनेक असली तरी तिचे मर्म एकच आहे. विद्यार्थ्याला कारण न सांगता, काही विकत न घेता आणि कोणी उठवील ही भीती न बाळगता तेथे बसता आले पाहिजे. प्रकाश, आवाज, मेज, वीज या साऱ्या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. परंतु बसण्याची ही मुभा नसेल, तर त्या केवळ सजावट ठरतात. प्रस्तुत लेखात या जागांची आपल्याकडील परंपरा, त्यांमागचा वास्तुविचार, रचनेची अंगे आणि नोव्हाय परिसरातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व, यांचा आढावा घेतला आहे.

संज्ञा आणि व्याप्ती

औपचारिक शैक्षणिक जागा म्हणजे वर्ग, प्रयोगशाळा, व्याख्यानगृह. तेथे कोणी, केव्हा आणि कशासाठी बसायचे, हे आधीच ठरलेले असते. अनौपचारिक जागेत या तिन्ही गोष्टी विद्यार्थी स्वतः ठरवतो. ग्रंथालयातील खुली मेजे, दोन वर्गांमधल्या मार्गिकेतील बाक, जिन्याखालचा कोनाडा, उपाहारगृहाची एक बाजू, वसतिगृहाचा दिवाणखाना, इमारतीपुढील पायऱ्या, या सर्वांचा तीत समावेश होतो.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रे ओल्डेनबर्ग यांनी १९८९ मध्ये ‘तिसरी जागा’ ही संकल्पना मांडली. घर ही पहिली, कामाचे ठिकाण ही दुसरी, आणि जेथे माणसे सहज एकत्र येतात ती तिसरी. विद्यार्थ्याच्या बाबतीत ही विभागणी थोडी बदलते. त्याची तिसरी जागा गप्पांची असते तशीच कामाचीही असते. कधी एकट्याच्या, तर कधी चौघांच्या. एकांत आणि सोबत या दोन परस्परविरोधी गरजा एकाच छताखाली भागवणे, ही या रचनेची मुख्य कसोटी होय.

पार, बाग आणि गल्ली: आपल्याकडील परंपरा

मराठी माणसाला ही कल्पना परकी नाही. गावातला वडाचा किंवा पिंपळाचा पार, देवळाचा सभामंडप, नदीचा घाट, घरापुढचा ओटा ही सारी बसण्यासाठी बांधलेली, पण कोणा एकाच्या मालकीची नसलेली ठिकाणे. पुण्यामुंबईच्या महाविद्यालयांतील कट्टा हा त्यांचाच शहरी वंशज. मात्र या परंपरेचे खरे मोल कळते ते ज्यांच्या घरी बसायला जागाच नव्हती, त्यांच्या आयुष्यांतून.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असताना त्यांचे कुटुंब परळच्या चाळीतील एका खोलीत राहत होते. स्वयंपाक, झोप आणि अभ्यास या सर्वांना तीच एक खोली. वडील रामजी सुभेदार मुलाला लवकर झोपवीत आणि घर निजल्यावर, रात्री दोनच्या सुमारास, अभ्यासाला उठवीत. जागा वाढवता येत नव्हती, म्हणून वेळ बदलून त्यांनी शांतता मिळवली. दिवसा वाचण्यासाठी विद्यार्थी भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसत. तेथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर या व्यासंगी शिक्षकाचे लक्ष या वाचनवेड्या मुलाकडे गेले. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाल्यावर झालेल्या सत्कारप्रसंगी केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकून महाविद्यालयीन शिक्षणासाठी शिष्यवृत्तीही मिळवून दिली. १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

बागेतील त्या बाकाने दोन गोष्टी दिल्या. एक, घरात न मिळणारी बैठक. दुसरी, घरात बसून कधीच न झालेली भेट. आजचे रचनाकार अनौपचारिक जागेकडून नेमक्या याच दोन गोष्टींची अपेक्षा करतात.

मुंबईतील वरळीची ‘अभ्यास गल्ली’ हे याच गरजेचे दुसरे उदाहरण. पोदार रुग्णालयाच्या परिसरातील हा शांत रस्ता. जवळच्या बीडीडी चाळींतील खोल्या अवघ्या १६० चौरस फुटांच्या. त्यांत राहणारी मुले पिढ्यान्‌पिढ्या या गल्लीत रस्त्याच्या दिव्यांखाली बसून परीक्षांची तयारी करीत आली. ही जागा कोणा वास्तुकाराने योजलेली नव्हती. वाहनांची वर्दळ कमी, दिवे पुरेसे, सोबतीला अभ्यास करणारीच मुले आणि हटकणारे कोणी नाही, एवढ्या गुणांवर विद्यार्थ्यांनी ती निवडली. महापालिकेने अलीकडच्या काळात तेथे बैठका आणि चांगले दिवे बसवले. क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे: आधी विद्यार्थी बसले, मग बाक आले.

पुण्यात सदाशिव, नारायण आणि नवी पेठेत स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या अभ्यासिका हे याच गरजेचे व्यावसायिक रूप. दर महिन्याला शुल्क भरायचे, आडोसा असलेले एक टेबल आपल्या नावावर करून घ्यायचे आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत तेथे बसायचे. शहरात खोली भाड्याने घेणाऱ्या, तीही तिघाचौघांत वाटून घेणाऱ्या मुलामुलींना ही सोय अपरिहार्य वाटते. तथापि येथे शांतता विकत घ्यावी लागते, आणि ज्याला ती परवडत नाही तो पुन्हा गल्लीच्या दिव्याकडे वळतो.

वास्तुकारांचा विचार

झाडाखाली बसलेला एक शिकवणारा आणि त्याच्याभोवती जमलेले काही ऐकणारे, ही शिक्षणसंस्थेची मूळ प्रतिमा वास्तुकार लुई कान वारंवार मांडत. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचा आराखडा करताना त्यांनी मार्गिकांना केवळ येण्याजाण्याची वाट मानले नाही. वर्गातून बाहेर पडल्यावर विद्यार्थी जेथे थबकतात, वाद घालतात, ऐकलेले पुन्हा तपासून पाहतात, ती मार्गिकाही शिक्षणाचीच जागा होय, ही त्यांची भूमिका होती. म्हणून तेथील मार्गिका रुंद, सावलीच्या आणि रेंगाळण्याजोग्या आहेत.

कान यांना भारतात आणण्यात ज्यांचा वाटा मोठा होता, ते बाळकृष्ण दोशी १९२७ मध्ये पुण्यात जन्मले आणि मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले. १९६२ मध्ये त्यांनी अहमदाबादेत वास्तुविद्येची शाळा सुरू केली. तीच पुढे ‘सेप्ट’ या नावाने नावारूपाला आली. तिच्या इमारतीत उत्तरेकडून येणारा मंद प्रकाश, खुले तळमजले, पायऱ्यापायऱ्यांची जमीन आणि आतबाहेरची पुसट सीमा यांमुळे कोणत्याही कोपऱ्यात वर्ग भरू शकतो. २०१८ मध्ये प्रित्झकर पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय वास्तुकार ठरले.

मिशिगनमधील मराठी वाचकाला या कथेतील एक दुवा विशेष जवळचा वाटेल. नवी मुंबईच्या आखणीत प्रमुख वाटा असलेले वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी आपली पहिली पदवी १९५३ मध्ये नोव्हायपासून सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या अ‍ॅन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठातून घेतली. पुढे पुणे विद्यापीठाच्या परिसरात डॉ. जयंत नारळीकर यांनी १९८८ मध्ये स्थापन केलेल्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान केंद्राची वास्तू कोरियांनी घडवली. तिच्या केंद्रस्थानी एक कुंड आहे: उतरत्या पायऱ्यांचे, आकाशाकडे उघडे, आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांच्या पुतळ्यांनी सजलेले. एका इमारतीतून दुसरीकडे जाणाऱ्याला हे कुंड आडवे येते आणि पायरीवर टेकण्याचा मोह होतो. देवळापुढच्या पुष्करणीचे हे रूप संशोधनसंस्थेत आणताना कोरियांनी बैठक, वाट आणि भेट या तीन गोष्टी एका जागी गुंफल्या.

आकाशाखालची मोकळी जागा हा कोरियांच्या विचाराचा गाभा होता. आणि ती कोणत्या हवामानात चालते, याचे भान हा त्याचाच दुसरा भाग. पुण्यात वर्षातील बहुतेक संध्याकाळी पायरीवर बसता येते. मिशिगनमध्ये डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो आणि उघड्या अंगणावर बर्फ साचते. याचे उत्तर अ‍ॅन आर्बरच्याच एका वास्तूत सापडते. १९१९ मध्ये उघडलेल्या मिशिगन युनियन या विद्यार्थीभवनाचे मोठे नूतनीकरण होऊन ते जानेवारी २०२० मध्ये पुन्हा सुरू झाले. त्यात मधल्या उघड्या अंगणावर काचेचे छप्पर घालून ते बैठकीचे दालन करण्यात आले. थंडीत निरुपयोगी ठरणारे अंगण आता ऐन परीक्षांच्या हंगामात गजबजलेले असते. कुंड आणि काचेखालचे अंगण यांचे तत्त्व एकच. बदलले आहे ते आकाश.

ग्रंथालयाचे रूपांतर

अमेरिकी विद्यापीठांत या बदलाचे मुख्य क्षेत्र ग्रंथालय राहिले. पूर्वी मोठी ग्रंथालये संशोधकांसाठी असत; पदवीपूर्व विद्यार्थी तेथे उपरा ठरे. हार्वर्डने १९४९ मध्ये लॅमंट ग्रंथालय खास पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी उघडले. मिशिगन विद्यापीठाने १९५८ मध्ये तसेच ग्रंथालय उभारले. आज ते शापिरो ग्रंथालय म्हणून ओळखले जाते. परंतु ‘अंडरग्रॅज्युएट लायब्ररी’ या मूळ नावाच्या आद्याक्षरांवरून विद्यार्थ्यांनी त्याचे ‘अग्ली’, म्हणजे कुरूप, असे नामकरण केले आणि ते टिकून राहिले. नाव कुरूप, पण बैठक हमखास, हीच त्याची लोकप्रियता.

१९९० च्या दशकात संगणक आले आणि पुस्तकांच्या रांगा मागे सरून मेजांना जागा मिळू लागली. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे लीव्ही ग्रंथालय १९९४ मध्ये सुरू झाले; संगणक, मदतकक्ष आणि गटखोल्या एकत्र आणणाऱ्या आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते. अ‍ॅन आर्बरच्या उत्तर परिसरात १९९६ मध्ये ‘मीडिया युनियन’ उघडले. २००४ पासून ते विद्यापीठाचे माजी अध्यक्ष जेम्स ड्यूडरस्टॅट यांच्या नावाने ओळखले जाते. अभियांत्रिकी, वास्तुकला आणि संगीताचे विद्यार्थी तेथे एकमेकांच्या शेजारी काम करतात. लाडाने त्याला ते ‘ड्यूड’ म्हणतात.

विद्यार्थ्यांना काय हवे, हे विद्यार्थ्यांनाच विचारण्याची पद्धत मात्र नंतर आली. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर विद्यापीठाने २००४ पासून नॅन्सी फ्राइड फॉस्टर या मानववंशशास्त्रज्ञ महिलेला ग्रंथालयात अभ्यासासाठी घेतले. तिने विद्यार्थ्यांच्या हाती कॅमेरे दिले, दिवसभरात कोठे कोठे गेलात याचे नकाशे भरून घेतले, मनातल्या ग्रंथालयाची चित्रे काढायला लावली. त्यांतून मिळालेल्या निरीक्षणांचा नव्या अभ्यासदालनाच्या आराखड्यात थेट उपयोग झाला. प्रश्नावलीत विद्यार्थी जे सांगतो आणि प्रत्यक्ष जे करतो, त्यांतील अंतर या पद्धतीने उघड होते.

याच जातीचे निरीक्षण त्याआधी विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या चौकांत चित्रफितींच्या साहाय्याने केले होते. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष बाळबोध वाटावा इतका सरळ आहे: जेथे बसायला जागा असते, तेथे माणसे बसतात. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. सुटी खुर्ची मिळाली की माणूस बसण्यापूर्वी ती काही इंच तरी सरकवतो, बहुधा विनाकारण. ही जागा आता माझी आहे, हे स्वतःला सांगण्याची ती रीत. जमिनीला खिळवलेली आसने विद्यार्थी का टाळतात, याचे उत्तर त्यात आहे.

रचनेची अंगे

*मेज आणि आसन.* लॅपटॉप, वही आणि एक उघडे पुस्तक ठेवण्यासाठी माणशी सुमारे ९० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल पृष्ठभाग लागतो. चालण्याच्या वाटेसह एका वाचकामागे साधारण २५ ते ३५ चौरस फूट जागा धरण्याचा ग्रंथालयांचा जुना ठोकताळा आहे. केवळ खुर्च्या मोजून भागत नाही. चौघांच्या मेजावर दोन अनोळखी विद्यार्थी समोरासमोर बसले की तिसरा सहसा तेथे जात नाही. मेज निम्मे रिकामे असूनही भरलेले असते. मध्ये बुटका आडोसा किंवा दिव्यांची रांग असलेले लांब मेज हा पेच बऱ्याच अंशी सोडवते. मऊ कोच दोन तासांच्या विश्रांतीला उत्तम, पण लेखनाला निरुपयोगी. नव्या दालनांत त्यांचीच गर्दी असणे हा नेहमीचा दोष.

*आवाज.* शांततेची सक्ती सर्वत्र करता येत नाही आणि गोंगाटाला सर्वत्र मोकळीक देता येत नाही. उपाय म्हणजे आवाजाची उतरंड: प्रवेशद्वाराजवळ बोलण्याची मुभा, आत कुजबुज, सर्वांत आत किंवा वरच्या मजल्यावर पूर्ण शांतता. ही उतरंड पाटी न वाचताही कळली पाहिजे. गालिचा, बुटके छत, बंद दार, मंद दिवे यांतून ती जाणवते. सामान्य वर्गखोलीत नाद ०.६ सेकंदांत विरावा, असा अमेरिकी मानदंड आहे. उंच छताच्या, काच आणि फरशीच्या दालनांत तो कितीतरी अधिक रेंगाळतो आणि दोन मेजांपलीकडचे बोलणे कानाशी येते. अशा ठिकाणी ध्वनी शोषणारे छत हा खर्च टाळू नये. किंचित गजबज सर्जनशील विचाराला पोषक ठरते, असे रवी मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडले. त्यांच्या प्रयोगात सुमारे ७० डेसिबलचा परिसर ५० डेसिबलपेक्षा अनुकूल आढळला. परंतु कल्पना सुचणे आणि समीकरण सोडवणे ही दोन निराळी कामे आहेत. एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला लावू नये.

*प्रकाश.* वाचनासाठी मेजाच्या पातळीवर ३०० ते ५०० लक्स प्रकाश योग्य मानला जातो. खिडकीजवळची आसने सर्वांत आधी भरतात. म्हणून तेथे कपाटे नव्हे, मेजे असावीत. पडद्यावर चमक येणार नाही अशा बाजूने उजेड घ्यावा आणि शक्य तेथे प्रत्येक आसनाला स्वतःचा दिवा द्यावा. तो लावण्या-विझवण्यातही व्हाइट यांच्या सरकत्या खुर्चीचेच समाधान असते.

*वीज आणि फळा.* प्रत्येक आसनाला हाताशी प्लग पॉइंट हवा. तो नसेल, तर विद्यार्थी भिंतीच्या कडेला जमिनीवर बसतात आणि मधली मेजे ओस पडतात. जुन्या इमारतीत फरशी फोडून वायर नेणे महाग पडते; अशा वेळी भिंती आणि खांब यांच्या आधाराने मेजे मांडावीत. गटाने काम करणाऱ्यांना मोठ्या पडद्यापेक्षा पांढरा फळा आणि चालू स्थितीतले मार्कर अधिक उपयोगी पडतात.

*मार्गिका आणि सुरक्षितता.* मार्गिकेत बाक मांडताना अग्निसुरक्षेचे नियम प्रथम पाहावेत. अमेरिकेतील मोठ्या इमारतींत बाहेर पडण्याच्या मार्गिकेची मोकळी रुंदी सामान्यतः किमान ४४ इंच, म्हणजे सुमारे ११२ सेंटिमीटर, लागते. म्हणून बैठक वाटेत नव्हे, वाटेच्या कडेच्या कोनाड्यात असावी. रात्री उशिरापर्यंत थांबणाऱ्या विद्यार्थिनींसाठी काचेची दारे, दिसण्याजोगा कर्मचारी आणि वाहनतळापर्यंतची उजळ वाट या सोयी सर्वाधिक निर्णायक ठरतात. दालन कितीही सुंदर असो, तेथून घरी जाण्याची वाट अंधारी असेल, तर निम्मे विद्यार्थी त्याला मुकतात.

*सर्वांसाठी प्रवेश.* १९९० च्या अमेरिकी अपंगत्व कायद्याखालील मानकांनुसार चाकांच्या खुर्चीसाठीच्या मेजाची उंची २८ ते ३४ इंचांच्या दरम्यान, गुडघ्यांसाठी खाली किमान २७ इंच मोकळी उंची आणि खुर्ची उभी राहण्यास ३० गुणिले ४८ इंच जागा असावी लागते. असे मेज एका कोपऱ्यात वेगळे न ठेवता प्रत्येक विभागात असावे. नाहीतर त्या विद्यार्थ्याला मित्रांबरोबर बसण्याचा पर्यायच उरत नाही.

*खाणे आणि वेळ.* ग्रंथालयात खाण्यापिण्यावरील बंदी बहुतेक विद्यापीठांनी सैल केली आहे, आणि ते योग्यच आहे. सहा तास बसणाऱ्याला डबा उघडायला जागा नसेल, तर तो बाहेर जातो आणि परतल्यावर आसन गमावतो. पाणी, डबा गरम करण्याची सोय आणि स्वच्छतागृह ही अभ्यासिकेचीच अंगे समजावीत. आणि जागा कितीही चांगली असली, तरी ती संध्याकाळी सहाला बंद होत असेल, तर दिवसा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ती अस्तित्वातच नाही.

नोव्हाय परिसरातील विद्यार्थी

ओकलंड काउंटीतील नोव्हाय शहरात भारतीय वंशाची कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांत मराठी घरेही बरीच. येथून अ‍ॅन आर्बर, डेट्रॉइटचे वेन स्टेट विद्यापीठ, रॉचेस्टरजवळचे ओकलंड विद्यापीठ ही सारी मोटारीने साधारण पाऊण तासाच्या आतबाहेर. लिव्होनियाचे स्कूलक्राफ्ट महाविद्यालय तर अगदी शेजारी. वसतिगृहाचा खर्च वाचवण्यासाठी घरी राहून रोज ये-जा करणे अनेक कुटुंबांना सोयीचे वाटते. त्यात आर्थिक शहाणपण आहे, परंतु त्याची एक किंमतही आहे. वसतिगृहातल्या मुलाला दोन वर्गांमधल्या तीन तासांत खोलीवर जाता येते. ये-जा करणाऱ्याला परिसरातच कोठेतरी टेकावे लागते. तेथे जागा नसेल, तर तो आपल्या मोटारीत बसून वाचतो किंवा शेवटचा वर्ग बुडवून घरी परततो.

म्हणून अशा विद्यार्थ्यांचे प्रमाण मोठे असलेल्या विद्यापीठांत अनौपचारिक जागा ही चैनीची बाब ठरत नाही. वेन स्टेटने १९९७ मध्ये उघडलेले अ‍ॅडमनी ग्रंथालय पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठीच बांधले, हे त्या दृष्टीने समजण्याजोगे आहे. वाहतुकीचाही येथे संबंध येतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये ओकलंड काउंटीच्या मतदारांनी संपूर्ण काउंटीसाठी सार्वजनिक वाहतुकीचा कर मंजूर केला. तोवर नोव्हायसारखी शहरे प्रादेशिक बससेवेबाहेर होती. घरात एकच जास्तीची मोटार असलेल्या कुटुंबात तिची वेळ हीच मुलाच्या अभ्यासाची वेळ ठरते.

घराजवळचा पर्याय म्हणजे सार्वजनिक ग्रंथालय. नोव्हायच्या ग्रंथालयाची टेन माइल रस्त्यावरील प्रशस्त नवी इमारत २०१० मध्ये, नोव्हाय हायस्कूलच्या शेजारी, सुरू झाली. वाचनाच्या मेजांबरोबर तेथे गटांसाठी अभ्यासखोल्याही आहेत. शाळेत असताना या ग्रंथालयात दुपार घालवणारी मुले सुट्ट्यांत विद्यापीठातून परतल्यावर पुन्हा तेथेच बसलेली दिसतात. विद्यापीठाचे नाव, शुल्क वा ओळखपत्र यांपैकी काहीही न विचारणारी ही बैठक पारासारखीच सार्वजनिक आहे आणि ती स्थानिक करांतून चालते, याचे स्मरण नागरिकांनी ठेवावे.

घरातील तळघरही अनेक मराठी कुटुंबांत अभ्यासिकेचे काम करते. तेथे शांतता असते; पण नैसर्गिक उजेड कमी आणि सोबत शून्य. मेज खिडकीखाली ठेवणे, छतावरच्या एका दिव्यावर विसंबून न राहता मेजावर स्वतंत्र दिवा देणे आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस मित्रांना तेथे अभ्यासाला बोलावण्याची मुभा देणे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. मुलाला घरी वेगळी खोली असूनही तो ग्रंथालयात का जातो, असा प्रश्न पालकांना पडतो. खोली एकांत देते, सोबत देत नाही, हे त्याचे उत्तर.

नेहमी होणाऱ्या चुका

या क्षेत्रातील अपयशे बहुधा एकाच जातीची असतात. रंगीत फर्निचरावर एकरकमी खर्च होतो, परंतु रात्रीचा कर्मचारी, सफाई, उष्णता आणि दुरुस्ती यांसाठी दरवर्षी लागणारी तरतूद होत नाही. देणगीदाराचे नाव फर्निचराला लागते. रात्री अकरापर्यंत दिवा जळण्याला कोणाचे नाव लागत नाही. दुसरी चूक आरक्षणाची. सर्व गटखोल्या ऑनलाइन आरक्षणाला दिल्या की आगाऊ नियोजन करणाऱ्यांना त्या मिळतात, आणि वर्गातून बाहेर पडताना ‘चला, हे आताच सोडवू’ म्हणणाऱ्यांना मिळत नाहीत. काही खोल्या ऐनवेळी येणाऱ्यांसाठी राखून ठेवणे हा सोपा उपाय. तिसरी चूक जागा उपाहारगृहाच्या स्वाधीन करण्याची. कॉफी घेतल्याशिवाय बसण्याचा संकोच वाटू लागला, की ज्याला जागेची सर्वाधिक गरज तोच सर्वांत आधी उठतो.

आखणी करणाऱ्यांसाठी

विद्यापीठाच्या समितीवर असलेल्या, ग्रंथालयाच्या मंडळाला सूचना देणाऱ्या किंवा गावाकडे अभ्यासिकेला देणगी देऊ इच्छिणाऱ्या वाचकांनी आराखड्यापूर्वी पुढील गोष्टी तपासून पाहाव्यात:

- विद्यार्थी आज कोठे बसतात? जिन्यावर, जमिनीवर, मोटारीत? एक आठवडा दर तासाला मोजणी करावी.
- जागा किती वाजता बंद होते, आणि शेवटचा वर्ग किंवा नोकरीची पाळी किती वाजता संपते?
- प्रत्येक आसनाला दिवा आणि प्लग पॉइंट आहे का?
- बोलण्याची आणि मौनाची जागा वेगळी ओळखू येते का?
- एकट्या विद्यार्थिनीला रात्री तेथून निर्धास्तपणे घरी जाता येईल का?
- चाकांच्या खुर्चीवरील विद्यार्थी मित्रांबरोबर एकाच मेजावर बसू शकेल का?
- पहिल्या वर्षानंतरच्या खर्चाची तरतूद कोणी केली आहे?
- काही विकत न घेता, नाव न नोंदवता बसता येते का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर आधीच्या साऱ्या होकारांचे मोल उणावते. चर्नी रोडच्या बागेत प्लग पॉइंट नव्हता आणि वरळीच्या गल्लीत ध्वनी शोषणारे छतही नाही. आजच्या विद्यार्थ्याला या दोन्ही सोयी द्यायलाच हव्यात. मात्र त्या देताना, ‘येथे का बसला आहेस’ असे कोणी विचारणार नाही हा जुन्या बागेचा आणि गल्लीचा गुण आराखड्यातून गळून पडू नये.